रेडिओलॉजिस्ट म्हणजे फोटो काढणारा नाही हो

मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका स्कॅन सेंटरवर टेक्निशियन आहे, आणि एक दिवस जात नाही की कोणी म्हणत नाही, फोटो तर तुम्हीच काढला नं, मग आत बसलेल्या मॅडमची फी काहून? लई जुना गैरसमज आहे हा. फोटो काढतो तो टेक्निशियन. रेडिओलॉजिस्ट पूर्ण डॉक्टर असतात, साडेचार वर्षं एमबीबीएस, वर १ वर्ष इंटर्नशिप, मग रेडिओडायग्नोसिसमध्ये, म्हणजे स्कॅन पाहून निदान करण्यात, ३ वर्षं एमडी.

परवा एका काकांचा छातीचा सीटी स्कॅन झाला. शेकडो चित्रं असतात त्यात, मॅडम अंधाऱ्या खोलीत एकेक स्लाइस वरखाली सरकवत होत्या, आधी फुप्फुसं मग हाडं, एका ठिपक्यावर थांबल्या आणि मला म्हणाल्या यांची जुनी सीडी मागव. दोन वर्षांपूर्वीची सीडी पोरगा घरून घेऊन आला, दोन्ही बाजूबाजूला लावली, ठिपका तेव्हाही तेवढाच होता, तेव्हा कुठे रिपोर्ट लिहायला घेतला. मला तर तो ठिपका दिसलाही नव्हता, आणि स्कॅन मीच केला होता!

सोनोग्राफीत तर प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा तो दांडा, त्यांच्याच हातात असतो, फिरवता फिरवताच निदान चालू असतं. आणि हो, सोनोग्राफीत रेडिएशन नसतं, आवाजाच्या लहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी. क्ष-किरण असतात ते एक्स-रे, मॅमोग्राफी (स्तनांची तपासणी) आणि सीटीत.

येताना जुने रिपोर्ट, फिल्म, सीडी सगळं आणा बाप्पा, आणि डॉक्टरची चिठ्ठी पण.