कॉर्ड-कटिंग

केबल किंवा उपग्रह दूरचित्रवाणीची मासिक वर्गणी बंद करायची आणि त्याऐवजी इंटरनेटवरचे स्ट्रीमिंग, छपरावरच्या किंवा खिडकीतल्या अँटेनावर फुकट मिळणारे प्रसारण, ग्रंथालयातून मिळणारे चित्रपट अशा मार्गांनी कार्यक्रम पाहायचे, या पद्धतीला कॉर्ड-कटिंग म्हणतात. शब्दशः अर्थ तार कापणे. प्रत्यक्षात तार क्वचितच कापली जाते. बहुतेक घरांत भिंतीतून येणारी ती काळी कोएक्सियल तार जागच्या जागी राहते आणि तिच्यातूनच, बऱ्याचदा त्याच कंपनीचे, इंटरनेट येत राहते. बंद होतो तो शे-दीडशे वाहिन्यांचा गठ्ठा, म्हणजे पॅकेज. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही, तर कॉर्ड-कटिंगमुळे पैसे का वाचतात, कधी वाचत नाहीत आणि त्याची झळ कुणाला बसते, यांतले काहीच उलगडत नाही.

ही पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रुजली आणि तिचे सर्वांत मोठे परिणामही तिथेच दिसले, म्हणून ही नोंद मुख्यतः तिथल्या अनुभवावर आधारलेली आहे. ज्यांनी केबल कधी घेतलीच नाही अशा, बहुधा तरुण, ग्राहकांना तिथे ‘कॉर्ड-नेव्हर’ म्हणतात. वर्गणी न तोडता नुसते पॅकेज लहान करून घेणे म्हणजे ‘कॉर्ड-शेव्हिंग’.

केबलची सुरुवात

केबलचा जन्मच अँटेनातून झाला. १९४८ च्या सुमारास ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया गावात एड पार्सन्स यांनी एका हॉटेलच्या छतावर अँटेना उभारला, सुमारे २०० किलोमीटरवरच्या सिअ‍ॅटलच्या केंद्राचे संकेत पकडले आणि तारेने घराघरांत पोहोचवले. त्याच काळात पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातही असेच प्रयोग झाले. दऱ्याखोऱ्यांतल्या घरांना थेट प्रसारण मिळत नसे, म्हणून डोंगरावर एक सामायिक अँटेना लावून खाली तार ओढायची. तिचे नावही ‘सामुदायिक अँटेना’ असेच होते.

पुढे या तारेला स्वतःचा माल मिळाला. एचबीओ १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी इथे सुरू झाली आणि १९७५ पासून उपग्रहावरून देशभर जाऊ लागली. त्यामागोमाग ईएसपीएन (१९७९), सीएनएन (१९८०) आणि एमटीव्ही (१९८१) आल्या. डोंगराआडच्या गावांची सोय म्हणून आलेली केबल आता अँटेनावर उत्तम चित्र दिसणाऱ्या शहरांतही हवीशी झाली. २०१० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केबल, उपग्रह आणि फोन कंपन्यांची दूरचित्रवाणी मिळून सुमारे १० कोटी घरे पैसे मोजत होती. तो या धंद्याचा कळस.

बिल वाचताना

गठ्ठ्याचा हिशेब समजून घ्यायचा तर केबलचे एखादे बिल ओळीओळीने वाचावे. वर पॅकेजची जाहिरातीतली किंमत. तिच्याखाली सेट-टॉप बॉक्सचे भाडे, तेही प्रत्येक टीव्हीमागे वेगळे. मग ‘प्रसारण शुल्क’, मग ‘प्रादेशिक क्रीडा शुल्क’, आणि शेवटी कर. जाहिरातीतला आकडा आणि खालची बेरीज यांत इतके अंतर पडे, की एकूण किंमत एकत्र आणि ठळक दाखवा असा नियम केंद्रीय दळणवळण आयोगाला २०२४ मध्ये करावा लागला.

यातल्या प्रसारण शुल्काचे मूळ १९९२ च्या केबल कायद्यात आहे. आपला संकेत केबलवरून द्यायचा तर आधी आमची संमती घ्या, असे म्हणण्याचा हक्क या कायद्याने स्थानिक केंद्रांना दिला. संमतीचा मोबदला हळूहळू रोख झाला आणि तो ग्राहकाच्या बिलात उतरला. म्हणजे जे केंद्र साध्या अँटेनावर फुकट दिसते, त्यासाठीच केबलवाला ग्राहक दरमहा पैसे भरतो. हे ठाऊक नसलेली माणसे आजही पुष्कळ आहेत.

वाहिन्यांचेही तसेच. जवळजवळ प्रत्येक वाहिनी केबल कंपनीकडून प्रत्येक घरामागे दरमहा ठरावीक रक्कम घेते, मग त्या घरात ती कुणी लावो वा न लावो. ईएसपीएनचा दर बाजाराच्या अंदाजानुसार ९ डॉलरच्या पुढे गेला. खेळ कधीच न पाहणारे घरही तो भरत होते. उलट बाजूने, मोजकेच प्रेक्षक असलेल्या कितीतरी छोट्या वाहिन्या सगळ्यांच्या वीस-तीस सेंटांवर तग धरून होत्या. गठ्ठा ग्राहकाला महाग पडत होता हे खरे, पण एकट्याच्या बळावर उभे राहू न शकणाऱ्यांना त्याचाच आधार होता, हेही तितकेच खरे.

स्ट्रीमिंगची वाट

टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केले. २००८ मध्ये हुलू सर्वांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षी रोकूची पहिली पेटी आली. संगणकावरचे चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आणणारी ही पेटी आणि टीव्हीत खोचायचे २०१३ चे ३५ डॉलरचे क्रोमकास्ट यांचे श्रेय मोठे आहे. कारण लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसून पाहायचे असते, तर केबल सोडायला कुटुंबातली सगळी माणसे कधी तयार झालीच नसती.

तरीही बातम्या आणि खेळ थेट हवेत, ही अडचण उरत होती. ती ओळखून २०१५ मध्ये स्लिंग टीव्ही २० डॉलरला आणि २०१७ मध्ये यूट्यूब टीव्ही ३५ डॉलरला आले. ही इंटरनेटवरून येणारी वाहिन्यांची पॅकेजेसच होती, फक्त त्यांत भाड्याची पेटी नव्हती आणि वर्षाचा करारही नव्हता. पण वाहिन्यांचे दर त्यांनाही चुकले नाहीत. यूट्यूब टीव्हीची किंमत वाढत वाढत जानेवारी २०२५ मध्ये ८२.९९ डॉलरवर गेली. गठ्ठा कुठल्याही तारेतून आणला तरी त्याचे वजन तेवढेच राहते.

२०१९ पासून स्टुडिओंनी आपापली दुकाने थाटली. डिस्ने प्लस आणि अ‍ॅपल टीव्ही प्लस त्याच वर्षी आले, एचबीओ मॅक्स आणि पीकॉक २०२० मध्ये, पॅरामाउंट प्लस २०२१ मध्ये. एका वर्गणीत जे मिळत होते ते सहा ठिकाणी विखुरले. नेटफ्लिक्सने २०२२ अखेर जाहिरातींसहची स्वस्त योजना आणली आणि २०२३ मध्ये अमेरिकेत पासवर्ड वाटून घेण्यावर निर्बंध आणले. काटकसरी ग्राहकांनी यावर काढलेला उपाय साधा आहे. सगळ्या सेवा एकदम घ्यायच्या नाहीत. एका महिन्यात एक घ्यायची, हवे ते पाहून संपवायचे, ती बंद करून पुढच्या महिन्यात दुसरी घ्यायची. बहुतेक सेवांना मुदतीचा करार नसल्यामुळे हे जमते. प्लूटो टीव्ही, टूबी यांसारख्या सेवा जाहिराती दाखवून फुकट चालतात. कॅनोपी आणि हूपला या सेवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदत्वावर, ग्राहकाकडून एक सेंटही न घेता, उत्तम चित्रपट आणि माहितीपट देतात. त्यांचा उल्लेख अशा चर्चांत कमी होतो, तो व्हायला हवा.

अँटेना

कॉर्ड-कटिंगचा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग अँटेनाचा आहे. अमेरिकेत पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी थांबले आणि प्रसारण डिजिटल झाले. पूर्वी संकेत कमजोर असला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण चित्र दिसत तरी राहायचे. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. संकेत पुरेसा असेल तर चित्र लख्ख. जरा कमी पडला की चौकोन चौकोन होऊन गोठते आणि मग काळोख. म्हणून अँटेना हातभर इकडेतिकडे सरकवल्याने एखादे केंद्र अचानक अवतरते किंवा नाहीसे होते.

जोडणी पाच मिनिटांची असते. चपटा अँटेना प्रसारण मनोऱ्यांच्या दिशेच्या खिडकीला, शक्य तितका उंच लावायचा, त्याची तार टीव्हीच्या मागच्या गोल खोबणीत फिरवून घट्ट करायची आणि टीव्हीच्या मेनूत जाऊन वाहिन्या शोधायला लावायचे. पडद्यावर आकडा चढत जातो आणि केंद्रे एकेक करून सापडतात: ७.१, ७.२, ७.३. टिंबानंतरचे आकडे एकाच केंद्राच्या उपवाहिन्यांचे. ६ मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात पूर्वी एकच कार्यक्रम मावत असे, त्यात डिजिटलमुळे चार-पाच मावतात. टीव्हीवर दिसणारा ७ हा आकडा केवळ ओळखीचा असतो. केंद्राची खरी वारंवारता वेगळी असू शकते, आणि ती व्हीएचएफ या कमी वारंवारतेच्या, लांब लहरींच्या पट्ट्यात असेल तर खिडकीतला छोटा चपटा अँटेना तोकडा पडतो. त्यासाठी लांब दांड्यांचा अँटेना लागतो. वारंवारतांच्या फेरवाटपात २०२० पर्यंत सुमारे १,००० केंद्रे नव्या जागी गेली. ‘काल दिसत होते, आज दिसत नाही’ या तक्रारीचे उत्तर तेव्हा बहुधा एवढेच असे, की वाहिन्यांचा शोध पुन्हा एकदा लावा.

भाडेकरूंनी आणि सोसायटीत राहणाऱ्यांनी जाणून घ्यावे असे आणखी एक. १९९६ च्या केंद्रीय नियमानुसार स्वतःच्या एकट्याच्या वापरातल्या गच्चीत किंवा बाल्कनीत दूरचित्रवाणीचा अँटेना लावायला घरमालक वा रहिवासी संघ सहसा मनाई करू शकत नाही.

अँटेना आणि इंटरनेट यांची सांगड घालायचा सर्वांत धाडसी प्रयत्न एरिओ कंपनीने २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केला. नखाएवढे हजारो अँटेना एका इमारतीत रचलेले, पाहत असताना प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याला त्यांतला एक, आणि त्याचे चित्र इंटरनेटवरून त्याच्या घरी. ग्राहकाचाच अँटेना आम्ही दूर ठेवला आहे, हा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१४ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तो फेटाळला आणि त्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली.

खेळ

कॉर्ड-कटिंग ज्या उंबरठ्याशी अडते तो खेळांचा. हक्क इतके विभागले गेले आहेत, की एका संघाचा एक हंगाम पाहायला तीन-चार सेवा लागतात. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे गुरुवारचे सामने २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेले, रविवारचे पॅकेज २०२३ मध्ये यूट्यूबकडे. जानेवारी २०२४ मध्ये एक प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा, सामना पहिल्यांदाच केवळ स्ट्रीमिंगवर, पीकॉकवर, झाला. साध्या प्रसारणावर तो फक्त खेळणाऱ्या दोन संघांच्या शहरांत दिसला. प्रादेशिक क्रीडा वाहिन्यांचा मोठा समूह असलेली डायमंड स्पोर्ट्स कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ईएसपीएननेही अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये केबलशिवाय थेट वर्गणी सुरू केली, महिना २९.९९ डॉलर.

स्ट्रीमिंगवर सामना काही सेकंद मागे असतो, कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त. चित्राचे तुकडे करून, साठवून, पाठवून ते घरी जुळवण्यात तेवढा वेळ जातो. शेजारी अँटेना असेल तर त्यांचा जल्लोष भिंतीपलीकडून आधी ऐकू येतो आणि मग आपल्या पडद्यावर चेंडू पोहोचतो.

कुणाला परवडते

वर्गणी बंद करण्यापूर्वी इंटरनेटचा खर्च स्वतंत्र मांडावा. केबलसोबत घेतलेले इंटरनेट सवलतीत असते. एकटे घेतले की महाग होते. नेटफ्लिक्स पूर्ण एचडीसाठी ५ आणि ‘फोर-के’साठी १५ मेगाबिट प्रतिसेकंद वेग सुचवते. ‘फोर-के’ चित्रपटाला तासाला सुमारे ७ गिगाबाइट लागतात. म्हणजे महिन्याला डेटाची मर्यादा असेल तर मोठ्या कुटुंबाने ती आधी पाहून घ्यावी. केबल कंपनीची भाड्याची पेटी परत करताना पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. परत केलेल्या पेटीचे भाडे पुढे लागत राहिले, तर तोच एक पुरावा असतो.

ज्या गावांत वेगवान इंटरनेट पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी हा पर्याय निम्माच आहे. गरीब कुटुंबांना इंटरनेटसाठी महिना ३० डॉलरपर्यंत मदत देणारी केंद्रीय योजना निधी संपल्यामुळे जून २०२४ मध्ये बंद पडली. वृद्धांची अडचण वेगळी. एक बटण दाबले की ठरलेली वाहिनी लागते, याची आयुष्यभराची सवय असलेल्या माणसाला आधी अ‍ॅप, मग प्रोफाइल, मग शोध अशी वाट चालावी लागते. घरातल्या तरुणांनी ही अडचण क्षुल्लक मानू नये.

उद्योगावर आणि गावावर

प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत जुलै २०२२ मध्ये स्ट्रीमिंगने पहिल्यांदा केबलला मागे टाकले. मे २०२५ मध्ये टीव्ही पाहण्याच्या एकूण वेळेतला त्याचा वाटा ४४.८ टक्क्यांवर गेला, आणि केबल व प्रसारण यांची बेरीज ४४.२ टक्क्यांवर राहिली. ईएसपीएन २०११ च्या सुमारास १० कोटी घरांत होती, ती २०२३ पर्यंत ७ कोटींच्या आसपास आली. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या वाहिन्यांचे पुस्तकी मूल्य ९.१ अब्ज डॉलरने घटवले.

या मोठ्या आकड्यांच्या आड एक छोटे नुकसान झाकले जाते. १९८४ च्या केबल कायद्यानुसार रस्त्यांखालून तारा नेण्याच्या मोबदल्यात नगरपालिका केबल कंपनीकडून तिच्या केबल सेवेच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेऊ शकते. अनेक गावांतल्या सामुदायिक वाहिन्या याच पैशांवर चालतात. शुल्क केबल दूरचित्रवाणीवर आहे, इंटरनेटवर नाही. त्यामुळे घराने गठ्ठा सोडला की तार तीच राहते, रस्ता तोच राहतो, पण गावाचा वाटा थांबतो. काही शहरांनी स्ट्रीमिंग कंपन्यांकडून हे शुल्क मिळावे म्हणून दावे केले. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नेटफ्लिक्स आणि हुलू यांच्या बाजूने निर्णय दिला. या वाहिन्यांवर दिसते ते दुसरीकडे कुठेच दिसत नाही: नगरपरिषदेची रात्री लांबलेली बैठक, शाळा मंडळाचे अंदाजपत्रक, गावातल्या शाळेचा पदवीदान समारंभ, आणि तिवईवर कॅमेरा लावून ते सगळे टिपणारा एखादा स्वयंसेवक.