हायकोर्टाच्या भिंतीतलं मीठ

नोव्हेंबर 2025 मध्ये वांद्र्याला मुंबई हायकोर्टाच्या नव्या संकुलाची पायाभरणी झाली, तेव्हापासून फोर्टमधल्या जुन्या इमारतीचं पुढे काय, म्युझियम करा की अजून काही, हा विषय निघतोच. कर्नल फुलरने आराखडा केलेली ही इमारत 1878 मध्ये पूर्ण झाली, 1908 ला टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला इथेच चालला. त्याआधी कोर्ट अपोलो स्ट्रीटच्या अ‍ॅडमिरल्टी हाऊसमध्ये भरायचं, कोर्ट हललं आणि तिथे हॉटेल झालं, पुढे ऑफिसं आली. म्हणजे मुंबईला हे नवीन नाही. पण म्युझियम म्हटलं की एसी आला, आणि मला खरी भीती तिथेच वाटते.

या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवून वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाण्यात मळून दगडांच्या सांध्यात भरला की हवेतून तोच वायू परत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. (गूळ, अंडी, उडीद घातले म्हणून जुन्या इमारती अमर झाल्या असे फॉरवर्ड फिरतात, अशा पदार्थांनी थोडा फरक पडतो पण ती जादू नव्हे, आणि पायात बळी दिल्याने इमारत टिकते हे तर साफ खोटं!) या चुन्यात बारीक छिद्रं असतात, भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडते. सांधे सिमेंटने बुजवले की ती वाट बंद. काळ्या बेसॉल्टमधून पाणी फारसं जात नाही, मग ओल निघते नक्षीकामाच्या मऊ पोरबंदरी दगडातून. पाणी उडून जातं, समुद्राकडून आलेलं मीठ पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक होऊन बसतं, तो स्फटिक वाढताना छिद्राच्या कडांवर दाब देतो आणि दगड आतून फुटतो. बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी हाताला लागते, भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हाच.

आता एसीचं बघा. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळतं, खाली आलं की पुन्हा स्फटिक. पावसाळ्यात दिवसा एसी चालू, रात्री बंद, म्हणजे ही रेषा रोज ओलांडली जाणार आणि दगडावर रोज नवा दाब.

म्हणून तिथे काहीही करा, पण आधी सांध्यांतलं सिमेंट काढून चुना भरा, ओल्या कागदाच्या लगद्याचे लेप लावून मीठ ओढून घ्या, आणि एसी लावायचाच तर आर्द्रता रात्रंदिवस एकसारखी राहील असाच लावा, नाहीतर उंच छत आणि व्हरांड्यांतून खेळणाऱ्या वाऱ्यावर भागवा.