पांढऱ्या मॉन्स्टेराचं 'बी' येतं कुठून?

'पांढऱ्या-हिरव्या पानांच्या मॉन्स्टेराच्या दहा बिया, घरपोच.' ही जाहिरात वर्षानुवर्षं फिरतेय आणि माणसं अजूनही पैसे पाठवतात. (मीही पाठवले होते. उगवलं ते कसलंसं गवत.)

मॉन्स्टेरा म्हणजे शोभेसाठी घरात लावतात ती मोठ्या, चिरलेल्या पानांची वेल. मेक्सिको ते पनामा हा तिचा मुलूख. जाहिरातीतली पांढऱ्या-हिरव्या पानांची जात म्हणजे 'अल्बो'. तिचा पांढरेपणा बियांतून पुढच्या पिढीत भरवशाने उतरत नाही. एकाच झाडात हरितद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी वाढतात, हे त्यामागचं कारण. शिवाय मॉन्स्टेराचं बी वाळलं की मरतं. पाकिटात खुळखुळणारं बी तर संपलेलंच समजा.

'अल्बो' वाढवायचा तो फांदीचा तुकडा लावून. उसाची टिपरी लावताना आपण डोळा बघतो ना, तसंच इथे. पान खोडाला जिथे चिकटतं तिथे पेरावर बारीकसा फुगवटा दिसतो, तो डोळा. नुसत्या देठासकट पानाला पाण्यात मुळं फुटतीलही, पण नवं पान येणार नाही. म्हणून कुरिअरने मागवताना पानाचा फोटो राहू द्या, पेराचा मागा. खोडावर पांढरी रेघ डोळ्यापर्यंत गेलेली असेल तर पुढची पानं चितकबरी येण्याची आशा जास्त. पूर्ण पांढऱ्या पानावर भाळू नका, ते झाडाला अन्न करून देत नाही.

'थाई कॉन्स्टेलेशन' या मॉन्स्टेराच्याच ठिपकेदार जातीचं तसं नाही. ती प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या बारीकशा तुकड्यापासून, वाढवतात, ठिपके बऱ्यापैकी टिकतात. बी मात्र तिचंही घेऊ नका.