क्रोकर, बिथिया मेरी

क्रोकर, बिथिया मेरी : (सु. १८४८ – २० ऑक्टोबर १९२०). इंग्रजीत लिहिणाऱ्या आयरिश कादंबरीकार व भूतकथाकार. चाळीसहून अधिक कादंबऱ्या आणि काही कथासंग्रह लिहूनही त्यांचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. पुस्तकांवर ‘बी. एम. क्रोकर’ एवढंच छापलेलं असे. हयातीत त्या गाजल्या त्या प्रेमकथांमुळे. टिकून राहावं असं त्यांचं लेखन मात्र ब्रिटिश हिंदुस्थानातल्या भूतकथांचं आहे.

त्यांचा जन्म आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातला. वडील विल्यम शेपर्ड किलगेफिन इथे धर्मोपदेशक होते. मुलगी लहान असतानाच ते वारले. शिक्षण इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात आणि फ्रान्समधल्या तूर इथे झालं. घोडेस्वारीत त्यांचा हातखंडा होता. १८७१ मध्ये लष्करी अधिकारी जॉन स्टोक्स क्रोकर यांच्याशी विवाह झाला आणि १८७७ मध्ये त्या पतीबरोबर मद्रासला आल्या. पुढे बंगाल, मग निलगिरीतली वेलिंग्टन छावणी, असा सुमारे चौदा वर्षांचा मुक्काम. कडक उन्हाळ्यात, बंद घरात दुपार सरता सरत नाही म्हणून त्यांनी लेखणी हाती धरली. ‘प्रॉपर प्राइड’ ही पहिली कादंबरी १८८२ मध्ये निनावी निघाली आणि तिच्या अनेक आवृत्त्या झाल्या. पती निवृत्त झाल्यावर दोघं मायदेशी परतले. १९११ मध्ये पतीचं निधन झालं. क्रोकरबाईंचा मृत्यू लंडनमध्ये झाला.

भूतकथांचं मर्म कळायला आधी डाकबंगला समजून घ्यावा लागतो. टपालाच्या रस्त्यांवर, एका दिवसाच्या मजलेच्या अंतराने सरकारने बांधलेली ही विश्रामगृहं. भाड्याचा ठरलेला दर, मुक्कामाची नोंदवही, कोंबडीचं कालवण रांधणारा खानसामा, रात्री खोकणारा चौकीदार. आधी कोण राहून गेलं, कुणाचं काय झालं, हे नव्या पाहुण्याला ठाऊक नसतं. नोकरांना मात्र सगळं ठाऊक असतं आणि ते बोलत नाहीत. ‘द डाक बंगलो अॅट डाकोर’ या कथेत दोन तरुण बायका टांग्याने नवऱ्यांकडे निघाल्या आहेत. वाटेतल्या बंगल्याबद्दल त्यांना आधीच बजावलेलं असतं, तरी त्या तिथेच उतरतात. रात्री त्या खोलीत कधीकाळी झालेला एका प्रवाशाचा खून त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडतो.

इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंगच्या १८८८ मधल्या डाकबंगल्याच्या भूतकथेशी डाकोरच्या कथेची तुलना करण्यासारखी आहे. त्याच्याकडे अखेरीस भूत निघतं ते एक उंदीर आणि एक सैल खिडकी. क्रोकर अशी पळवाट देत नाहीत. मेलेल्या माणसाला काही सांगायचं आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं, या विश्वासावर त्यांची कथा उभी असते.

‘टू लेट’ (म्हणजे ‘भाड्याने देणे आहे’; १८९३) या संग्रहाची शीर्षककथा मला त्यांची सर्वोत्तम कथा वाटते. लखनौचा उन्हाळा असह्य झाल्यावर एक कुटुंब उशिराने थंड हवेच्या ठिकाणी निघतं. चांगली घरं केव्हाच गेलेली असतात. आणि मग एक टुमदार, सजवलेला बंगला अगदी स्वस्तात मिळतो. व्हरांड्याखाली थेट दरी. भाडं इतकं कमी का, हे विचारायला घाईत सवड कुणाला? पावसाळा लागतो, आणि एका ओल्या संध्याकाळी घोड्याच्या टापा ऐकू येतात. टापा जवळ येत थेट व्हरांड्यात चढतात, कठडा मोडल्याचा आवाज होतो, पाठोपाठ बाईची किंकाळी. दिसत काहीच नाही. इथे लेखिकेची घोडेस्वारी कामी आली आहे: बिथरलेला घोडा मागे सरकताना लाकडी फळ्यांवर कसा वाजतो, हे जिने ऐकलं आहे तिचंच हे लेखन. घरभाडं, बदल्या, सामानाची बांधाबांध या गृहिणीच्या रोजच्या काळज्यांतूनच त्यांचं भय उगवतं.

लंडनची पार्श्वभूमीही त्यांनी वापरली. ‘नंबर नाइन्टी’ (१८९५) मध्ये भुताखेतांना हसणारा एक माणूस पछाडलेल्या घरात रात्र काढतो आणि तिथे चाललेल्या मेजवानीची हकीकत सांगतो. तो पुन्हा त्या घरी जातो आणि परत येत नाही.

त्यांच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. डाकोरच्या कथेत खुनाचा ठपका एतद्देशीय नोकरावर येतो. साहेबांच्या घरात १८५७ नंतर दबा धरून बसलेली नोकरांची धास्ती अशा कथांत सरळ उतरली आहे, आणि लेखिका तिच्याकडे त्रयस्थपणे पाहत नाही. तरी डाकबंगला, खानसामा, खिदमतगार, टांगा या ज्या शब्दांसाठी इंग्रज वाचकाला टीप लागते, ते मराठी वाचकाच्या घरचे आहेत. त्यामुळे या कथा आपल्याकडे वेगळ्या वाचल्या जातील. नोकर गप्प का राहिला, हा प्रश्न आपल्याला आधी सुचेल.

त्यांच्या मृत्यूनंतर प्रेमकथांची फॅशन ओसरली आणि त्यांच्याबरोबर भूतकथाही अडगळीत गेल्या. जुन्या मासिकांतून व संग्रहांतून त्या हुडकून काढल्या भूतकथांचे संपादक रिचर्ड डॅल्बी यांनी. त्यांनी संपादित केलेला ‘नंबर नाइन्टी अँड अदर घोस्ट स्टोरीज’ हा संग्रह सॅरोब प्रेसने २००० मध्ये प्रसिद्ध केला.