ओटू सेन्सरवर घेतलेला आळ

मागच्या मे महिन्यात मामा तुळजापूरहून परतत होते. तामलवाडीच्या पुढं आल्यावर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी पळत होती, पण अॅव्हरेज काही दिवसांपासून घसरलेलंच होतं. सोलापुरात आल्यावर एका गॅरेजात बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी०१७१ हा कोड आला आणि तिथल्या पोरानं लगेच निकाल दिला, "ओटू सेन्सर गेलाय, सर." ओटू म्हणजे ऑक्सिजन; धुरातला ऑक्सिजन बघणारा हा सेन्सर. काही हजार मोजून नवा बसवला. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

पी०१७१चा अर्थ सेन्सर गेला असा नाही. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त दिसते आहे, एवढंच तो कोड सांगतो. सांगणारा सेन्सर आहे आणि आपण सांगणाऱ्यालाच धरलं. ही चूक गॅरेजांत रोज होते.

चुलीसमोर बसून भाकरी केलेल्या कुणालाही ही गोष्ट कळेल. लाकडं जास्त कोंबली आणि वारा कमी पडला की धूर, मग फुंकणी. इंजिनातही तोच हिशेब. १ किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन बाहेर पडतं. हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात. सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे तिन्ही वायू निस्तरतो, पण मिश्रण त्या १४.७च्या अगदी आसपास असेल तरच. म्हणून इंजिनाच्या कॉम्प्युटरला धुराची चव घेणारा कुणीतरी लागतो. हे काम ओटू सेन्सर करतो.

त्याच्या टोकाशी झिर्कोनियाची एक पोकळ, बोटाच्या आकाराची चिनीमाती असते. आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेर धूर, आत साधी हवा, जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो. ही चिनीमाती ३०० अंशांच्या वर तापली की तिच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकाप्रमाणे व्होल्टेज तयार होतं. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, भरपूर असेल तर ०.१. कॉम्प्युटर ०.९ बघून पेट्रोल कमी करतो, ०.१ बघून वाढवतो. त्यामुळं धडधाकट सेन्सरचा आलेख स्कॅनरवर सतत वर-खाली नाचताना दिसतो.

यामागचं गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांचं. त्यांना १९२०चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे याच नेर्न्स्टनी १८९७ साली झिर्कोनियाच्या कांडीचा विजेचा दिवा केला होता. ती कांडीही आधी तापवल्याशिवाय वीज वाहू देत नसे. आजच्या सेन्सरच्या पोटात छोटा हीटर असतो तो त्याचमुळं. मोटारीत हा सेन्सर १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत आला, बॉशनं बनवलेला. आपल्याकडं मुंबई-पुण्याच्या पंगतीत सोलापूरलाही २०१० सालीच गाड्यांच्या धुराचा भारत स्टेज ४ (बीएस ४) हा नियम लागू झाला होता, हे फारशा सोलापूरकरांच्या लक्षात नसेल. २०२०च्या बीएस ६नंतर तर दुचाक्यांनाही हा सेन्सर आला.

मामांच्या गाडीचं पुढं काय झालं? दुसऱ्या गॅरेजातल्या वयस्क मिस्त्रींनी स्कॅनरला हातच लावला नाही. "गाडी रात्रभर इथंच ठेवा," म्हणाले. सकाळी थंड इंजिन चालू केलं आणि बॉनेटखाली कान दिला. टिक-टिक-टिक. दोन-तीन मिनिटांनी, लोखंड तापून फुगल्यावर, आवाज बंद. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगपाशी काजळीचा एक काळा ओघळ दिसला. तिथून धूर बाहेर पडत होता आणि धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवाही आत ओढली जात होती. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसला, त्यानं तो सांगितला, कॉम्प्युटरनं पेट्रोल वाढवलं आणि अॅव्हरेज बसलं. पॅकिंगची किंमत सेन्सरच्या पासंगालाही पुरली नसती.

सेन्सर खरोखर जातोही. हीटर असलेला सेन्सर साधारण एक ते दीड लाख किलोमीटर टिकतो. आलेख सुस्तावला, किंवा पी०१३३ म्हणजे संथ प्रतिसादाचा कोड आला, तर संशय घ्यायला जागा आहे. पी०१३५ हीटरचा, पण तिथं आधी फ्यूज बघा. काढलेल्या सेन्सरचं टोकही बोलतं. काळीकुट्ट काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट थर असेल तर सिलिकॉन, आणि तो बहुतेक वेळा गॅरेजात सढळ हातानं फासलेल्या सीलंटचा किंवा इंजिनात झिरपणाऱ्या कूलंटचा. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा सेन्सर बसवला तर त्याचीही तीच गत होते.

नवा घेताना दुकानदाराला जुना दाखवून "असाच द्या" म्हणणं पुरत नाही. कन्व्हर्टरच्या आधीचा आणि नंतरचा हे दोन वेगळे सेन्सर, दिसायला जुळे असले तरी. पाच-सहा तारांचा तो वाइडबँड, म्हणजे मिश्रण किती कमी-जास्त आहे हेही मोजणारा, त्याच्या जागी चार तारांचा चालत नाही. गाडीच्या कागदांवरून पार्ट नंबर जुळवावा आणि कपलर, म्हणजे तारांच्या टोकाचा प्लग, तयार असलेलाच घ्यावा. तारा जोडायच्या 'युनिव्हर्सल' सेन्सरचं मला वावडं आहे. बॉशच्या सेन्सरची काळी तार म्हणजे सिग्नल, डेन्सोच्या दोन काळ्या म्हणजे हीटर. रंग बघून जोडलं की संपलं. शिवाय आतली साधी हवा बऱ्याच सेन्सरांत या तारांमधूनच येते, म्हणून तारांना सोल्डरचा डाग द्यायचा नाही आणि कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही.

काढायला २२ मिलिमीटरचा, तारेसाठी खाच असलेला सॉकेट लागतो. इंजिन कोमट असताना आटे सुटायला सोपे जातात. मे महिन्यात सोलापुरात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा तांबूस लेप लावलेलाच येतो, तो टोकाला लागू द्यायचा नाही. आवळायचं ते कंपनीनं दिलेल्या मापानं, बहुतेक गाड्यांत ४० न्यूटन-मीटरच्या आसपास. आणि हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बाहेरून कितीही धड दिसला तरी बसवू नये, आत चिनीमाती आहे.

पॅकिंग बदलल्यावर मिस्त्रींनी मामांचा जुना सेन्सर मागवून घेतला. टोक फिकट तपकिरी, कोरडं. "हाच बसवून बघू की." बसवला, कोड पुसला, होटगी रोडला एक फेरी मारली. स्कॅनरवर आलेख ०.१ ते ०.९ नाचत होता. नवा सेन्सर खोक्यात घालून मामांनी डिकीत ठेवला आहे.