विशेष विद्यार्थ्यांची कार्यशाळा

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं अठरा वर्षांची झाली की विशेष शाळेतून बाहेर पडतात, त्यानंतर त्यांना काम आणि रोजचं जगणं शिकवणारी जी जागा असते तिला महाराष्ट्रात कार्यशाळा म्हणतात. कुठे ती शाळेच्याच आवारात असते, कुठे वेगळ्या इमारतीत, पाटीवर उद्योग केंद्र किंवा व्यवसाय प्रशिक्षण केंद्र लिहिलेलं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयापर्यंतच आहे, म्हणजे शेजारचा मुलगा ज्या वर्षी कॉलेजला जातो त्याच वर्षी ह्यांच्यापैकी बरेच जण घरी बसतात, आणि शाळेत शिकलेलं दोनेक वर्षांत विसरायला लागतात.

अंध आणि कर्णबधिर मुलांचा रस्ता वेगळा आहे (खुर्च्या विणणं, टेलिफोन ऑपरेटर, आयटीआय, आता कॉम्प्युटर), त्यामुळे इथे मुख्यतः बौद्धिक अक्षमतेबद्दलच.

अशा मुलांच्या जुन्या शाळांपैकी मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची. सुरुवातीला पालक किंवा समाजसेवी मंडळी पुढाकार घ्यायची, सरकारी अनुदान नंतर आलं. १९८४ मध्ये सिकंदराबादला बौद्धिक अक्षमतेसाठीची राष्ट्रीय संस्था निघाली आणि तिने वर्गांची जी रचना आखली ती आजही बऱ्याच शाळांत चालते: पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक आणि मग १५ ते १८ वयासाठी पूर्वव्यावसायिक वर्ग. हा शेवटचा वर्ग फार महत्त्वाचा, कारण एका जागी तासभर बसणं, हातातलं काम संपवूनच उठणं, सांगितलेली वस्तू शोधून आणणं ह्या सवयी अठराव्या वर्षी एकदम लागत नाहीत. अलीकडे जय वकीलने तयार केलेला दिशा अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांमध्ये आलाय, त्याआधी प्रत्येक शाळा आपापल्या परीने काहीतरी जुळवून घ्यायची.

शिकवायची पद्धत बघण्यासारखी असते. कुठलंही काम आधी बारीक तुकड्यांत मोडतात. कागदी पिशवी आपल्याला एक काम वाटतं, पण तिथे ती कागद ठेवणं, खुणेवर घडी घालणं, नखाने घडी दाबणं, कडेला खळ लावणं, चिकटवणं, तळ दुमडणं, नाडी ओवणं अशी सात-आठ कामं असतात. ज्याला घडी जमत नाही तो खळ लावतो, ज्याचा हात थरथरतो तो नाडी ओवण्याऐवजी तयार पिशव्या रचतो, अशी साखळी लावून पिशवी पूर्ण होते. बऱ्याचदा शेवटची पायरी आधी शिकवतात, म्हणजे बाकीचं सगळं ताईंनी करून द्यायचं आणि शेवटची गाठ त्याने मारायची, मग त्याच्या आधीची पायरी, मग तिच्याही आधीची. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो आणि पुढच्या वेळी तो आपणहून येऊन बसतो.

मोजता न येणाऱ्यांसाठी तर साधी फळी असते. कंपनीकडून बारा-बारा स्क्रूच्या पुड्या बांधायचं जॉबवर्क आलं तर फळीला बारा खड्डे पाडायचे, प्रत्येक खड्ड्यात एक स्क्रू, सगळे भरले की पुडीत ओतायचे. त्याला बारा म्हणजे किती हे कधीच कळलं नाही तरी पुडी बरोबर भरते. अंक आले नाहीत म्हणून वर्षानुवर्षं पाढेच घोकवत बसणाऱ्यांनी ही फळी एकदा तरी बघावी.

कामाइतकाच वेळ बाकीच्या गोष्टींना जातो, किंवा जायला हवा. दाढी करणं, पाळीच्या दिवसांत पॅड बदलणं आणि नीट टाकणं, कुणी कुठे हात लावला तर ओरडायचं आणि कुणाला सांगायचं, बसचा नंबर ओळखणं, चुकीच्या स्टॉपवर उतरलो तर काय करायचं. पैशांच्या बाबतीत हल्ली नवीनच पंचाईत झालीय, खोट्या नोटा आणि नाणी वापरून दुकान-दुकान खेळत सुट्टे पैसे शिकवले आणि बाहेर सगळे क्यूआर कोड स्कॅन करतायत. आणि वागण्याचं तर विचारूच नका, तिशीतल्या माणसाला घरी दारी सगळे "बाळा" म्हणतात, गाल ओढतात आणि मग तो कामाच्या ठिकाणी अनोळखी बाईला मिठी मारायला गेला की त्यालाच रागावतात. मोठं म्हणून वागवल्याशिवाय मोठं वागणं येणार कुठून?

बनणाऱ्या वस्तू साधारण ठरलेल्या: पणत्या, मेणबत्त्या, आकाशकंदील, राख्या, पाकिटं, फाइली, फिनेल, मसाले, फराळाचे पदार्थ. राखी आणि दिवाळीच्या आधी ऑर्डरींचा पूर असतो, आणि दिवाळी झाली की काम रोडावतं. विकल्या मालातून विद्यार्थ्यांना थोडंसं विद्यावेतन मिळतं. रक्कम बहुतेक ठिकाणी फारच किरकोळ असते, तरीही ती हातात घेऊन घरी जाण्याला किंमत आहेच. पण लोक पणत्या घेतात त्या बऱ्याचदा कौतुकाने, वर्षातून एकदा, आणि कौतुकावर बारा महिने पगार निघत नाही, त्यामुळे किराणा दुकान किंवा हॉस्पिटलला रोज लागणारी वस्तू बनवणारी कार्यशाळा जास्त तगते असं मला वाटतं.

अठराव्या वर्षी आणखी एक गोष्ट होते जी पालकांना बऱ्याचदा बँकेच्या काउंटरवर कळते: मूल कायद्याने सज्ञान झालं, आता आई-वडील आपोआप पालक राहिले नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्वं) ह्या चार प्रकारांसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं, त्या समितीत जिल्हाधिकारी, एक संस्था आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ह्याच न्यासाची निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. चांगल्या कार्यशाळा हे फॉर्म स्वतः बसून भरून घेतात.

आता बाहेरच्या नोकरीचं. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध-अल्पदृष्टी, १ कर्णबधिर, १ हातापायाचं अपंगत्व वगैरे असलेल्यांना, आणि उरलेल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातल्या अडचणी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे. तिथेही शैक्षणिक पात्रता आणि परीक्षा असतेच, त्यामुळे कार्यशाळेतल्या मुलाला प्रत्यक्षात खाजगी नोकरीच बघावी लागते. मुंबईत जुहूला २०१८ मध्ये सुरू झालेल्या अर्पण कॅफेत ऑर्डर घेण्यापासून स्वयंपाकघरापर्यंत अशाच तरुणांना काम दिलंय. अशा ठिकाणी प्रशिक्षक सुरुवातीला सोबत उभा राहतो, मालकाला आणि सहकाऱ्यांनाही शिकवतो (थोडक्यात सांगा, एका वेळी एकच काम सांगा, चित्रं लावा) आणि हळूहळू बाजूला होतो. कार्यशाळेत दहा वर्षं सराव करण्यापेक्षा खऱ्या जागेवर शिकवलेलं पटकन रुजतं, कारण ह्या मुलांना एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं अवघड जातं.

असं असूनही बहुतेक जण त्याच कार्यशाळेत राहतात. ये-जा करायला सोबत लागते, मालक बिचकतात, अनुदान डोक्यांवर मिळतं म्हणून चांगलं काम करणारा मुलगा बाहेर पाठवायला संस्थाही फार उत्सुक नसते, आणि मुलींच्या बाबतीत घरचेच नको म्हणतात. कार्यशाळा पाहायला येणारे पालक तिथल्या वस्तूंबद्दल एक-दोन प्रश्न विचारतात आणि मग लगेच "आमच्यानंतर काय" वर येतात, म्हणून अलीकडे बऱ्याच संस्थांनी प्रशिक्षणासोबत निवासी गटघरंही सुरू केलीत, जिथे चार-सहा जण एका काळजीवाहू ताईंबरोबर राहतात, आपले कपडे आपण धुतात आणि सकाळी डबा घेऊन कार्यशाळेत जातात.