‘प्रेझेंटली’ म्हणजे नेमकं कधी?

आपल्याकडच्या बायोडेटात ‘प्रेझेंटली वर्किंग अ‍ॅज’ हे शब्द हमखास सापडतात. प्रतिज्ञापत्रात ‘प्रेझेंटली रिसायडिंग अ‍ॅट’ असतं, बदलीच्या अर्जात ‘प्रेझेंटली पोस्टेड अ‍ॅट’. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. प्रेझेंट म्हणजे सध्याचं, तेव्हा प्रेझेंटली म्हणजे सध्या, विषय संपला. जुन्या वळणाच्या इंग्रजाला मात्र हेच वाक्य अडतं. त्याच्या लेखी प्रेझेंटली म्हणजे ‘थोड्या वेळात’. ‘द डॉक्टर विल सी यू प्रेझेंटली’ म्हणजे बसा जरा, बोलावतील.

मग बरोबर कोण? दोघंही. शिवाय या दोन्ही अर्थांना मागे टाकणारा तिसरा अर्थ एके काळी या शब्दाचा मुख्य अर्थ होता, आणि तो आज पार गेला आहे. तो म्हणजे ‘ताबडतोब, या क्षणी’.

शब्दाचं मूळ लॅटिनमधलं. ‘समोर असणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून ‘प्रेझेंट’ आला, फ्रेंचमार्गे इंग्रजीत शिरला आणि त्याला इंग्रजीचा नेहमीचा ‘ली’ लागून क्रियाविशेषण झालं. जे समोर आहे ते आत्ता आहे, आणि आत्ता करायचं ते लगेच करायचं. पंधराव्या शतकात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदत होते. त्यातल्या ‘लगेच’ची पुढे काय गत झाली, ते बघायला 1611 हे साल फार सोयीचं आहे.

त्या वर्षी 1 नोव्हेंबरला लंडनच्या राजदरबारात शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’चा प्रयोग झाला. या नाटकाचा हा पहिला नोंदलेला प्रयोग. चौथ्या अंकात प्रॉस्परो हा जादूगार आपली मुलगी मिरांडा आणि तिचा होणारा नवरा यांना जादूचा एक खेळ दाखवायचा म्हणतो आणि एरियल या आपल्या अदृश्य सेवकाला इतर भुतांना घेऊन यायला सांगतो. एरियल एकाच शब्दात विचारतो, ‘प्रेझेंटली?’ प्रॉस्परो म्हणतो, ‘आय, विथ अ ट्विंक.’ हो, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच. त्यावर एरियल म्हणतो, तुम्ही ‘ये’ आणि ‘जा’ म्हणून दोनदा श्वास घ्याल, तेवढ्यात सगळे हजर. आजच्या अर्थाने वाचलं तर संवादाचा जीवच जातो: ‘थोड्या वेळाने आणू का?’ ‘हो, पापणी लवायच्या आत.’ मला यात आणखी एक गोष्ट दिसते. प्रॉस्परोचं नुसत्या ‘हो’वर भागलेलं नाही, त्याला पापणीची जोड द्यावी लागली. शब्द अजून धडधाकट होता, पण त्याला हात देऊन उठवायला सुरुवात झाली होती असं वाटतं. तसंही ‘थोड्या वेळाने’ हा सैल अर्थ सोळाव्या शतकातच मागच्या दाराने आत आलेला होता.

त्याच वर्षी राजा जेम्सच्या आज्ञेने तयार झालेलं इंग्रजी बायबल छापून आलं. मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात भुकेला येशू रस्त्याकडेच्या अंजिराकडे जातो. झाडावर नुसती पानं असतात. तुला यापुढे कधीही फळ न येवो, असं तो म्हणतो, ‘अँड प्रेझेंटली द फिग ट्री विदर्ड अवे’. मूळ ग्रीकमध्ये ‘तत्क्षणी’ आहे. आजचा वाचक समजेल की झाड पुढे यथावकाश वाळलं. यथावकाश तर कुठलंही झाड वाळतं, त्यात चमत्कार तो काय! पुढच्याच ओळीत शिष्य थक्क होऊन म्हणतात, ‘हाऊ सून’ हे झाड वाळलं. तिथला ‘सून’सुद्धा आजचा नाही. कारण ‘सून’नेही हाच प्रवास त्याच्या कितीतरी आधी केला होता.

जुन्या इंग्रजीत तो शब्द ‘सोना’ असा होता आणि त्याचा अर्थ होता ‘तत्काळ’. म्हणणारे ‘सोना’ म्हणत राहिले आणि येणारे सावकाश येत राहिले, तसा शब्द ढिला पडला. मग त्याची जागा ‘अनॉन’ने घेतली. हाही जुन्या इंग्रजीतलाच, ‘एकात’, म्हणजे एका दमात, असा काहीसा. चौदाव्या शतकातल्या चॉसर या कवीच्या काळापर्यंत तोही एकट्याने पुरेना, म्हणून ‘अनॉन राइट’ अशी जोडी लावत. आजच्या ‘राइट नाऊ’ आणि ‘राइट अवे’मधला ‘राइट’ हेच काम करतो.

‘अनॉन’ची अखेर कशी झाली ते शेक्सपिअरनेच दाखवून ठेवलंय. चौथ्या हेन्रीवरच्या नाटकाचा पहिला भाग 1598 मध्ये छापला गेला. त्यात लंडनच्या ईस्टचीप भागातल्या दारूच्या गुत्त्यावर फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. राजपुत्र हॅल आपल्या दोस्ताला, पॉइन्सला, बाजूच्या खोलीत पाठवतो आणि सांगतो, तू आतून ‘फ्रान्सिस!’ म्हणून हाका मारत राहा. इकडे हॅल त्या पोराला बोलण्यात गुंतवतो. आतून हाक आली की पोरगं ओरडतं, ‘अनॉन, अनॉन, सर!’ म्हणजे आलोच, आलोच! पाय मात्र जागचा हलत नाही, कारण समोर राजपुत्र उभा. पुन्हा हाक, पुन्हा ‘अनॉन’. शेवटी दोघेही एकदम हाका मारायला लागतात आणि नाटककाराची सूचना येते, की पोऱ्या गोंधळून उभा राहतो, कुठे जावं ते त्याला कळत नाही. तेवढ्यात मालक येऊन खेकसतो, एवढ्या हाका ऐकू येतात आणि तू इथे उभा? ‘लगेच’ अर्थाच्या शब्दाचं काय होतं, हे कुठल्याही कोशापेक्षा या दोन पानांत चांगलं कळतं. शब्द खोटा नसतो, म्हणणाऱ्याची नियतही वाईट नसते. त्याला यायचं असतं. फक्त मध्ये काहीतरी निघतं. ऐकणाऱ्याने हे शंभरदा अनुभवलं, की तो मनातल्या मनात त्या शब्दात पाच-दहा मिनिटं मिळवूनच ऐकतो. आपला ‘आलोच’ याच जातीचा. रेल्वेचं ‘तत्काळ’ तिकीटही उद्याच्या प्रवासाचं असतं, आणि त्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते!

‘बाय अँड बाय’ची कथा तर जास्तच गमतीची आहे. आज त्याचा अर्थ ‘कालांतराने, हळूहळू’. जेम्सच्या बायबलात हेरोदियाची मुलगी राजाकडे मागणं मागते, की बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं मस्तक मला ताटात घालून ‘बाय अँड बाय’ द्या. तिला ते त्याच क्षणी हवं होतं. आजच्या कानाला वाटतं, सवडीने दिलं तरी चालेल. लूकच्या एकविसाव्या अध्यायात युद्धं आणि बंडाळ्या होतील हे सांगून झाल्यावर ‘द एंड इज नॉट बाय अँड बाय’ असं वाक्य येतं. म्हणायचंय इतकंच, की शेवट लगेच येणार नाही. आजच्या अर्थाने वाचलं तर शेवट कधीच येणार नाही असा दिलासा मिळतो आणि धर्मशास्त्राची पंचाईत होते. 1881 मध्ये नव्या कराराची सुधारलेली इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा अंजिराच्या झाडाजवळचा ‘प्रेझेंटली’ काढून ‘इमीजिएटली’ घातला आणि योहानाच्या मस्तकाशी ‘फोर्थविथ’. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत मूळ ग्रीक होतं तसंच राहिलं, इंग्रजी मात्र मोडून नव्याने बसवावं लागलं.

या घसरणीच्या मध्यावरचं एक चित्र सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या कोशात सापडतं. ‘प्रेझेंटली’खाली त्याने दोन अर्थ दिलेत. पहिला ‘आत्ता, या वेळी’. दुसरा ‘लगेच; त्यानंतर थोड्याच वेळात’. तो अर्धविराम पाहण्यासारखा आहे. ‘लगेच’ आणि ‘थोड्याच वेळात’ हे वेगळे अर्थ आहेत असं मानून जॉन्सनने त्यांना वेगळे आकडे दिले नाहीत, एकाच क्रमांकाखाली बसवले. त्यापुढच्या शंभर वर्षांत इंग्रजी कादंबरीने ‘थोड्या वेळाने’लाच आपलंसं केलं. पात्र खोलीतून जातं, प्रेझेंटली परत येतं. कुणी गप्प बसतं, प्रेझेंटली बोलायला लागतं. गोष्ट सांगणाऱ्याला असा शब्द फार उपयोगी, कारण मधली मिनिटं मोजावी लागत नाहीत.

आणि ‘सध्या’ या अर्थाचं काय? लिखित साहित्यिक इंग्रजीतून तो सतराव्या शतकानंतर जवळपास दिसेनासा झाला. स्कॉटलंडमध्ये मात्र तो चालूच राहिला. तिथे कुणाला तो जुना झालाय असं वाटलंच नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत तो पुन्हा वर आला, आणि तोही कचेऱ्यांच्या आणि बातम्यांच्या भाषेत. लगेच शैलीचे पहारेकरी उठले. ‘नाऊ’सारखा तीन अक्षरी शब्द असताना नऊ अक्षरांचं लांबण कशाला, हा एक आक्षेप, दोन अर्थांत घोटाळा होतो, हा दुसरा. लिहिणाऱ्यांनी ‘थोड्या वेळात’ एवढ्यापुरताच हा शब्द ठेवावा, असा सल्ला छापून येऊ लागला. अमेरिकन हेरिटेज कोशाने 1960 च्या दशकात लेखक-संपादकांचं एक मंडळ नेमलं होतं, वादाच्या शब्दांवर कौल घ्यायला. ‘अमुक गृहस्थ प्रेझेंटली राजदूत आहेत’ या नमुन्याच्या वाक्यावर त्या मंडळातले निम्मेच राजी झाले.

पहिल्या आक्षेपात दम आहे. दुसरा मात्र पोकळ आहे, कारण वाक्यातला काळच बहुतेक वेळा सगळं सांगून जातो. ‘विल’ असेल तर पुढे, ‘इज’ असेल तर आत्ता. अडचण होते ती तुटक सूचनांत, क्रियापद गाळलेलं असतं तिथे.

खरा प्रश्न वेगळाच आहे. सून घसरला तो कायमचा. अनॉन तर आता फक्त नाटकात आणि मस्करीत ऐकू येतो. मग एकटा प्रेझेंटलीच परत ‘आत्ता’कडे कसा आला? माझ्या मते उत्तर शब्दाच्या पोटात आहे. ‘सून’ किंवा ‘अनॉन’ फोडला तर आजच्या इंग्रजाच्या हाती काही लागत नाही. ‘प्रेझेंटली’मधला ‘प्रेझेंट’ मात्र शाळकरी पोरालाही दिसतो, आणि व्याकरणाच्या तासाला ‘प्रेझेंट टेन्स’ घोकलेल्याला तर जास्तच. वापराने अर्थ खाली ओढला तरी तो आतला शब्द त्याला पुन्हा वर खेचत राहतो. आपल्याकडे हा अर्थ इतका पक्का बसला तो यामुळेच. मुंबईतल्या मिशनरी शाळांत स्कॉटिश मास्तर होते, तेव्हा श्रेय त्यांना देण्याचा मोह होतो, पण त्याची गरज नाही. इंग्रजी पुस्तकातून शिकणारा कुणीही ‘प्रेझेंट’वरून ‘प्रेझेंटली’चा हाच अर्थ काढेल. त्याला कादंबरीतला पाहुण्यांना ताटकळत ठेवणारा प्रेझेंटली भेटण्याआधी नोकरीचा अर्ज लिहावा लागतो.

बाकीच्या भावंडांबद्दल थोडक्यात. ‘डायरेक्टली’ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ‘ड्रेकली’ झाला. तिथला प्लंबर ‘ड्रेकली येतो’ म्हणाला तर आज येईल का, हे विचारू नये. दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे नंतर कधीतरी आणि ‘नाऊ नाऊ’ म्हणजे त्यापेक्षा जरा लवकर. ‘मोमेंटरिली’ इंग्लंडमध्ये ‘क्षणभर’, तर अमेरिकेत ‘क्षणात’. अमेरिकन वैमानिकाने ‘आपण मोमेंटरिली उतरतोय’ म्हटलं, की इंग्रज प्रवासी विचारतात, मग पुन्हा उडणार का?

नाटकात किंवा गप्पांत हे चालून जातं, कायद्यात नाही. तिथे ‘लगेच’साठी ‘फोर्थविथ’ ठेवलेला आहे आणि त्याचीही कसोटी लागली, ती मुंबईत. 1950 च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याप्रमाणे पोलीस आयुक्ताने कुणाला स्थानबद्ध केलं, तर त्याचा अहवाल राज्य सरकारला ‘फोर्थविथ’ पाठवणं बंधनकारक होतं. मुंबईच्या आयुक्तांनी 13 जानेवारी 1956 ला आदेश काढले, 16 तारखेला माणसं धरली आणि अहवाल गेला 21 तारखेला. स्थानबद्धांचा वकील म्हणाला, आठ दिवसांना फोर्थविथ म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं. पण ते दिवस कोणते होते, ते मराठी माणसाला सांगायला नको. मुंबई केंद्रशासित होणार ही घोषणा 16 जानेवारीची आणि त्यानंतर शहर पेटलेलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निकाल दिला: फोर्थविथ म्हणजे घड्याळ लावून त्याच क्षणी असं नव्हे, तर टाळता येण्याजोगा उशीर न करता. आयुक्तांचा उशीर परिस्थितीमुळे झाला, त्यांच्या ढिलाईमुळे नाही. याचिका फेटाळली गेली.

राज्यघटनेच्या 22 व्या कलमात दोन्ही वाटा एकत्र दिसतात. अटकेची कारणं ‘अ‍ॅज सून अ‍ॅज मे बी’ सांगायची आहेत, म्हणजे तोच जुना सून, अटीशर्तींसह. त्याच्या पुढच्याच उपकलमात, अटक केलेल्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायची मुदत आहे, त्यातून प्रवासाचा वेळ वगळलाय आणि क्रियाविशेषण वापरलेलंच नाही. तिथे 24 तास असा आकडा आहे.